पालघरची जमीन हलते, तेव्हा आपलं लक्ष नक्की कुठे असतं?

'पालघरमध्ये पुन्हा भूकंपाचा धक्का' अशी बातमी मोबाइलवर झळकली की पाठोपाठ तीन प्रश्न हमखास येतात. किती रिश्टरचा होता? मुंबईला धोका आहे का? आणि तारापूरच्या अणुभट्टीचं काय?

तिन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण ज्यांच्या घराखालची जमीन हलते त्यांचा प्रश्न या यादीत नाही. तो प्रश्न साधा आहे: आज रात्री घरात झोपायचं की बाहेर?

पालघर जिल्ह्यात आपत्ती एका प्रकारची नाही आणि लोकही एका प्रकारचे नाहीत. डहाणू-तलासरीचे आदिवासी पाडे, बोईसर-तारापूरची कामगार वस्ती आणि सातपाटी-वडराईचा किनारा, तिन्ही ठिकाणी लोक संकटाला वेगवेगळ्या पद्धतीने तोंड देतात. बाहेरच्यांचं लक्ष कधी आणि कोणाकडे वळतं, यावर मदत अवलंबून असते. म्हणून हे सगळं नीट समजून घ्यायला हवं.

2018 पासून काय घडलं?

नोव्हेंबर 2018 मध्ये डहाणू आणि तलासरी तालुक्यांत छोटे धक्के जाणवायला लागले. धुंदलवाडी हे गाव त्याचं केंद्र म्हणून बातम्यांत आलं. सुरुवातीला लोकांना वाटलं, एखाद-दुसरा धक्का असेल. पण धक्के थांबले नाहीत. भूकंप उथळ असल्याने नुसती जमीन हलत नव्हती, जमिनीतून गडगडाटासारखा आवाजही येत होता.

1 फेब्रुवारी 2019 ला एकाच दिवसात अनेक धक्के बसले. त्यातला सर्वांत मोठा 4.1 तीव्रतेचा होता. घाबरून घराबाहेर पळताना पडून हळदपाड्यातली दोन वर्षांची मुलगी दगावली. त्यानंतर राष्ट्रीय माध्यमं आली, एनडीआरएफ आलं, तंबू आले, हैदराबादच्या एनजीआरआयसारख्या संस्थांची भूकंपमापक यंत्रं बसली.

म्हणजे धक्के सुरू झाल्यापासून देशाचं लक्ष जायला जवळपास अडीच महिने आणि एक मृत्यू लागला.

पुढे जुलै 2019 मध्ये, भर पावसाळ्यात, डहाणू तालुक्यातच धक्क्यानंतर घराची भिंत कोसळून एका व्यक्तीचा मृत्यू झाला. आता हे दोन मृत्यू शेजारी ठेवून पाहा. एक जीव बाहेर पळताना गेला, दुसरा घरात असताना गेला. 'घाबरू नका, सुरक्षित जागी थांबा' ही सूचना ऐकायला सोपी आहे. पण पाड्यावरच्या माणसासाठी सुरक्षित जागा कोणती, याचं उत्तर तिच्यात नाही.

स्वार्म म्हणजे काय?

नेहमीच्या भूकंपात एक मोठा धक्का बसतो आणि मग हळूहळू कमी होत जाणारे छोटे धक्के येतात. स्वार्म म्हणजे एकाच भागात छोट्या-मध्यम धक्क्यांची रांग लागणं, ज्यात 'हाच मुख्य धक्का' असं बोट ठेवता येत नाही. पालघरमध्ये असे हजारो धक्के यंत्रांनी नोंदवले. त्यातले बहुतेक माणसाला जाणवतही नाहीत.

हे का होतं? शास्त्रज्ञांनी मांडलेलं एक स्पष्टीकरण असं की पावसाचं पाणी खडकांतल्या भेगांमधून खोल झिरपतं, तिथला दाब बदलतो आणि आधीच ताणाखाली असलेला खडक थोडाथोडा सरकतो.

मग पुढे मोठा भूकंप येणार का? इथे महाराष्ट्राला किल्लारी आठवते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या 6.2 तीव्रतेच्या भूकंपात सुमारे 10 हजार माणसं गेली. त्याच्या वर्षभर आधी, 1992 मध्ये, त्याच परिसरात छोटे धक्के बसत होते. पण याचा अर्थ प्रत्येक स्वार्मनंतर मोठा भूकंप येतोच असा नाही. बरेच स्वार्म आपोआप विरतात. कोणता विरेल आणि कोणता नाही, हे आधी सांगण्याची पद्धत आज जगात कोणाकडेच नाही.

आकड्यांचा अर्थही लक्षात घ्यायला हवा. तीव्रतेत 1 अंकाची वाढ म्हणजे ऊर्जेत साधारण 32 पटींची वाढ. 4.1 आणि 6.2 हे आकडे जवळचे वाटतात, पण ऊर्जेतला फरक हजार पटींहून जास्त आहे. त्यामुळे 'पालघरचं किल्लारी होणार' असा मेसेज पुढे ढकलणं चूक आहे, आणि 'चारचाच तर धक्का आहे' म्हणून सोडून देणंही चूक आहे.

पाड्यावर लोकांनी काय केलं?

किल्लारीत माणसं मारली ती घरांनी. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद झोपलेल्या लोकांवर कोसळलं. पालघरमधलं वारली समाजाचं पारंपरिक घर याच्या अगदी उलट असतं. कारवीच्या काड्यांचा कुड, वर शेणमातीचा लेप आणि हलकं छप्पर. असं घर हललं तरी लवचीक असतं आणि पडलं तरी त्याचं वजन कमी असतं.

अडचण पक्क्या घरांची झाली. विटा-सिमेंटची घरं पाड्यांवर मोठ्या कष्टाने उभी राहिली आहेत, काही सरकारी योजनांतून, काही मजुरीच्या पैशांतून. भूकंपाचा विचार न करता बांधलेल्या अशा घरांच्या भिंतींना तडे गेले. प्रगतीची खूण मानलेलं घरच रात्री भीतीचं कारण झालं.

लोकांनी मग जमेल तो मार्ग काढला. रात्री अंगणात, शेतात, ताडपत्रीखाली झोपायचं आणि सकाळी कामाला जायचं. दिवाळीनंतर या भागातली अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला बाहेर पडतात. भूकंप आहे म्हणून मजुरी थांबत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, लोकांना सवय झाली, लोक घाबरत नाहीत. पण रात्री बाहेर झोपून सकाळी कामावर जाणं म्हणजे भीती संपली असं नव्हे. पर्याय नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तडा मोजायचा कसा?

नुकसानभरपाईचं गणितही स्वार्मसाठी बनलेलं नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत पक्क्या-कच्च्या घराचं अंशतः नुकसान मान्य व्हायला ते किमान 15 टक्के असावं लागतं. पूर किंवा वादळ एकदाच येतं, तलाठी येतो, पंचनामा होतो, विषय संपतो. स्वार्ममध्ये तडा एका दिवसात पडत नाही. नोव्हेंबरमध्ये केसाएवढा असतो, फेब्रुवारीत बोट जातं, पावसाळ्यात भिंत पाणी पिते आणि मग ती पडते. पंचनामा नेमका कोणत्या दिवशी करायचा?

आपली आपत्ती व्यवस्था 'घटना' ओळखते. पालघरला जे होतं ती घटना नव्हती, परिस्थिती होती. माध्यमांचंही तेच. बातमीला तारीख लागते, आकडा लागतो.

बोईसर-तारापूर: आवाज एक, सूचना उलट

धुंदलवाडीपासून सरळ रेषेत साधारण 30 ते 40 किलोमीटरवर तारापूर आहे. देशातलं पहिलं अणुऊर्जा केंद्र इथे 1969 मध्ये सुरू झालं. त्यामुळे पालघरमध्ये काहीही हललं की बातमीच्या मथळ्यात तारापूर येतंच. अणुऊर्जा केंद्राच्या रचनेत भूकंपाचा विचार करावाच लागतो आणि चार तीव्रतेच्या धक्क्याचा जोर एवढ्या अंतरावर बराच कमी झालेला असतो. तरी 2011 च्या फुकुशिमानंतर लोकांनी हा प्रश्न विचारणं स्वाभाविक आहे.

पण बोईसरमध्ये राहणाऱ्यांसाठी रोजचा धोका दुसराही आहे. तारापूर एमआयडीसीत रासायनिक आणि औषधनिर्मितीचे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात 93.69 गुणांसह तारापूर देशातलं सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं होतं. 11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी इथल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. त्यात किमान 7 जणांचा जीव गेला आणि आवाज कित्येक किलोमीटर दूर ऐकू गेला.

आता विचार करा. बोईसरमधल्या चाळीत रात्री मोठा आवाज होतो, खिडक्या थरथरतात. भूकंप असेल तर धक्का थांबल्यावर मोकळ्या जागेत यायचं. विषारी वायूची गळती असेल तर दारं-खिडक्या बंद करायच्या, किंवा बाहेर असाल तर वाऱ्याच्या दिशेने न पळता आडव्या दिशेने निघायचं. किरणोत्सर्गाची सूचना असेल तर घरातच थांबायचं. थरथर एकसारखी, सूचना मात्र एकमेकींच्या उलट.

अणुऊर्जा केंद्राभोवतीच्या 16 किलोमीटर परिघासाठी आपत्कालीन आराखडा असतो, ठरावीक काळाने सराव होतात. बोईसर आणि एमआयडीसी याच परिघात येतात. पण इथला कामगार बऱ्याचदा उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेला, कंत्राटी आणि भाड्याच्या खोलीत राहणारा. सराव झाला तेव्हाचा भाडेकरू पुढच्या वेळी त्याच खोलीत असेल याची खात्री नाही. म्हणून संकटात त्याचा पहिला प्रतिसाद ठरलेला असतो: ठेकेदाराला फोन, गाववाल्याच्या खोलीवर मुक्काम, नाहीतर गावाकडची गाडी.

किनाऱ्यावरचं गणित वेगळं

वादळाची सूचना आधी मिळते. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात पालघरच्या किनाऱ्यावरून हजारो लोकांना हलवलं. वादळ मात्र रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. मे 2021 मध्ये तौक्ते आलं, तेव्हा बॉम्बे हायजवळ पी-305 हा बार्ज बुडाला आणि भरकटलेला गाल कन्स्ट्रक्टर हा दुसरा बार्ज वडराईजवळ किनाऱ्याला लागला. त्यावरच्या 137 जणांची सुटका झाली. हेलिकॉप्टरची दृश्यं देशाने पाहिली. सुटका झाली आणि कॅमेरे गेले. बार्ज आणि तेलगळतीची चिंता मात्र मच्छीमारांच्या किनाऱ्यावरच राहिली.

तरी कोळीवाड्यांकडे एक गोष्ट आहे जी पाड्यांकडे आणि चाळींकडे कमी आहे. मच्छीमार सोसायट्यांचं जाळं जुनं आहे. बोट कोणाची, आत कोण गेलंय, कोण परतलं नाही, हे गावात माहीत असतं. निवेदन द्यायला नेते असतात, त्यामुळे लक्ष ओढून घेता येतं.

लक्ष गेलं तरी कशाकडे?

16 एप्रिल 2020 च्या रात्री डहाणू तालुक्यातल्याच गडचिंचले गावात चोर आल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाची हत्या केली. 'पालघर' हे नाव देशभर पोहोचलं ते या अमानुष गुन्ह्यामुळे. त्याला इतक्या वेगाने धार्मिक रंग दिला गेला की तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटकेतल्या 101 जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुस्लीम नसल्याचं सांगितलं.

या गुन्ह्याचा भूकंपाशी संबंध नाही. पण ज्या तालुक्याची जमीन जवळपास दीड वर्ष हलत होती, त्याच्याबद्दल बहुतेकांना पहिल्यांदा कळलं ते हे. आणि विश्वासार्ह माहिती पोहोचत नाही तिथे अफवा किती वेगाने पोहोचते, हेही त्या रात्री दिसलं.

म्हणून पालघरला हवी असलेली मदत तंबूंच्या पुढची आहे. नव्या घरकुलांच्या भिंतींना कोपऱ्यात आणि वरच्या बाजूला भूकंपरोधक पट्टे, जुन्या तडे गेलेल्या घरांची ठरावीक काळाने तपासणी, वारली बोलीत आणि हिंदीत सूचना, आणि बोईसरमध्ये वायुगळतीसाठी वेगळा ओळखू येईल असा भोंगा. यातल्या एकाही कामाची ब्रेकिंग न्यूज होत नाही.

पुढच्या वेळी पालघरच्या धक्क्याची बातमी आली की आकडा पाहाच. पण त्यासोबत एवढंही विचारा की मागच्या धक्क्यात तडे गेलेली घरं दुरुस्त झाली का.