हातरंध्याची कदर

नागपूरच्या रामदासपेठेतल्या फ्लॅटांत आता प्लायवूड-लॅमिनेटचं फर्निचर येतं आणि त्याला रंधा फारसा लागत नाही. पण म्हणून हाती घडवलेला रंधा मोडीत काढणं घाईचं ठरेल. 2023 मध्ये बल्लारपूरचं सागवान अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलं, तेव्हा लाकडाचं कोण कौतुक झालं! अवजाराच्या वाट्याला ते येत नाही. सुताराने स्वतः केलेला रंधा जवळून पाहावा. कठीण लाकडाचा ठोकळा, सुमारे 45 अंशांत बसवलेलं पातं, ते आवळणारी पाचर. पात्याच्या माथ्यावर हलका टोला दिला की पातं केसभर पुढे सरकतं, ठोकळ्याच्या मागच्या टोकाला दिला की मागे येतं. तळाची फट जितकी अरुंद, तितके लाकडाचे तंतू कमी उचकटतात. सगळं सौंदर्य या मापात आहे.

विजेचा रंधा काम झटपट उरकतो, हे कबूल. दिवसभर हातरंधा मारणाऱ्याच्या खांद्यांचा प्रश्न तर त्याहून रास्त. जाडी उतरवायला यंत्रच वापरावं. पण फिरत्या पात्यांच्या बारीक लाटा लाकडावर उरतात; त्या घालवायला हातरंधा नाहीतर पॉलिशपेपर लागतोच. 1863 पासूनच्या आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, विदर्भातल्या सुतारांचे रंधे घडवणाऱ्यांच्या नावांसह मांडावेत, आणि आयटीआयच्या पोरांना एक तरी रंधा स्वतः करायला लावावा.