दार नसलेल्या माणसांचे फोटो

हा दिवाळी अंक तुमच्या हाती पडेल त्याच आठवड्यात तुमच्या फोनवर एक फोटो हमखास येईल. एखाद्या पाड्यावर नाहीतर वीटभट्टीवर फराळवाटप चाललेलं. मागे मंडळाचा फलक. देणाऱ्याचा हात डब्यावर आणि नजर कॅमेऱ्याकडे. घेणाऱ्या पोराची नजर डब्यातल्या चकलीकडे. फोटो नीट येईपर्यंत डबा दोघांच्या हातांत अडकलेला. कधी कधी ‘थांबा, परत एकदा’ असं कुणीतरी ओरडतं, मग दिलेला डबा माघारी घेऊन नव्याने दिला जातो. देणाऱ्यांच्या मनात खोट असते असं मी म्हणत नाही. फराळ खरा असतो, पोराचा आनंदही खरा असतो. पण त्याला फोटोचं कुणी विचारलेलं नसतं, आणि विचारलं असतं तरी डबा समोर असताना ‘नको’ म्हणायची त्याची सोय नसते. हेच दाते घरच्या वाढदिवसाचे फोटो ग्रुपवर टाकण्याआधी शेजारणीला फोन करतात : तुमची मुलगी आली आहे यात, चालेल ना?

अनोळखी माणसाचा फोटो काढावा की नाही, या वादात एक वाक्य नेहमी शेवटचं म्हणून टाकलं जातं : रस्ता सार्वजनिक आहे, तिथे कुणीही कुणाचाही फोटो काढू शकतो. मला हे वाक्य दार असलेल्या माणसाचं वाटतं. दादरच्या तिसऱ्या मजल्यावरचा गृहस्थ रस्त्यावर येतो तो दाढी करून, बटणं लावून, चारचौघांत दिसायची तयारी करून. त्याचं भांडण, आजारपण, रडणं दाराआड उरकलेलं असतं. त्याच इमारतीच्या कुंपणाला टेकून ज्यांचा संसार आहे त्यांची आंघोळ, पोराला पाजणं, तापाने फणफणणं, नवऱ्याशी कडाक्याचं भांडण हे सगळं त्याच ‘सार्वजनिक’ जागेत होतं. १९८५च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांना तिथून हटवणं म्हणजे त्यांची उपजीविका हिरावणं. पदपथ चालणाऱ्यांसाठी आहे, खासगी वापरासाठी नाही, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे पोट भरण्यापुरता पदपथ त्यांचा, पण पडदा लावण्यापुरता नाही.

कायद्याचं घोडंही जागेपाशीच अडतं. बाई खासगी कृतीत असताना तिचं चित्रण करणं हा २०१३पासून गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७मध्ये आहे. मात्र कृती खासगी होती का, हे ठरवताना प्रश्न येतो की त्या जागी खासगीपणाची वाजवी अपेक्षा करता आली असती का. न्हाणीघरातल्या बाईचं उत्तर सोपं आहे. सार्वजनिक नळाखाली अंगावर लुगडं ठेवून आंघोळ करणारीला ते वकिलामार्फत द्यावं लागेल. २०१७च्या पुट्टस्वामी खटल्यात न्या. चंद्रचूड यांनी लिहिलं की खासगीपण माणसाला चिकटलेलं असतं आणि सार्वजनिक जागी आल्याने ते संपत नाही. तत्त्व शंभर नंबरी. नळापर्यंत ते कधी पोचेल, ते पाहायचं. परदेशात तरी एकवाक्यता कुठे आहे? माँट्रियालमध्ये पायरीवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा फोटो न विचारता छापल्याबद्दल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली तिला भरपाई दिली; न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये नकळत टिपलेल्या एका वृद्धाचा दावा तिथल्या न्यायालयाने २००६मध्ये फोटो ही कला आहे म्हणून फेटाळला.

कायद्याला जे जमत नाही ते वारीत उघड्या डोळ्यांनी दिसतं. आळंदीहून पंढरपूरपर्यंत जवळजवळ तीन आठवडे लाखो माणसं उघड्यावर राहतात. रिंगणात माउलींचा अश्व धावतो, टाळ-मृदंगाचा कल्लोळ होतो. तिथे प्रत्येकाला ठाऊक असतं की आपल्याला सगळे पाहताहेत, आणि पाहावं अशी इच्छाही असते. तिथे फोटो काढा, हवे तेवढे काढा. पण पहाटे मुक्कामावर टँकरच्या तोटीखाली बायका अंधारात आंघोळी उरकतात, ओल्या लुगड्याची दोन टोकं दोघी धरून चालता चालता वाळवतात, तेव्हा ती जागा घर असते. माणसं तीच, रस्ता तोच, मध्ये दोन तास गेलेले. मला माहीत असलेले वारीचे जुने छायाचित्रकार या वेळी कॅमेरा पिशवीतून काढत नाहीत. नव्यांच्या हातात लांब पल्ल्याच्या लेन्सा आहेत, ड्रोन आहेत, आणि ‘माउली, जरा परत फुगडी घाला ना’ म्हणायचं धाडसही आहे.

माणसाला देखावा समजायची ही सवय काल-परवाची नाही. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सभासदांत होते. पुढे १८६३ आणि १८६६ साली विल्यम जॉन्सनचं मुंबईतल्या ‘वंशां’विषयीचं दोन खंडांचं पुस्तक आलं. त्यात माणसांचे फोटो वेगळे काढून मुंबईच्या देखाव्यांवर चिकटवलेले आहेत. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले. त्यातल्या बहुतेक चेहऱ्यांखाली नावाच्या जागी जात किंवा जमात आहे. आज आपण ते खंड पाहून नाकं मुरडतो, आणि समाजमाध्यमावर ‘वासुदेव, पुणे’, ‘कोळीण, ससून डॉक’ असं लिहून फोटो टाकतो.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. प्रत्येकाला आधी विचारायचं ठरवलं तर रस्त्यावरचं छायाचित्रण संपलंच. ‘एक फोटो काढू का?’ म्हटलं की माणूस पदर सावरतो, छाती काढतो, आणि जे पाहून आपण थांबलो होतो ते गेलेलं असतं. संपाचे, दंगलीचे, पुराचे फोटो परवानगीने निघाले नसते. लाठी उगारणाऱ्या पोलिसाला किंवा पदपथावर गाडी चढवणाऱ्याला तर फोटोला नकार द्यायचा हक्कच असू नये, असं माझं मत आहे. न विचारता फोटो काढण्याला माझी हरकत नाही. खालून वर रोखलेला कॅमेरा आणि वरून खाली रोखलेला कॅमेरा यांना एकच नियम लावण्याला आहे. शिवाय काढणं वेगळं, छापणं वेगळं. वॉकर इव्हान्स या अमेरिकी छायाचित्रकाराने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून समोरच्या प्रवाशांचे फोटो काढले. चोरीच ती. पण त्याचं पुस्तक आलं १९६६मध्ये. पंचवीस वर्षं तो थांबला. आज पंचवीस सेकंद थांबणारा भेटला तर त्याचा सत्कार करावा.

अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँगचं उदाहरण मला आजही सुटत नाही. मार्च १९३६, कॅलिफोर्नियात निपोमो. वाटाण्याच्या तोडणीला आलेल्या मजुरांचा तळ, पीक गारठ्याने गेलेलं. रस्त्याकडेच्या कनातीत बत्तीस वर्षांची आई मुलांना घेऊन बसलेली. लँग सरकारी नोकरीत होत्या. त्यांनी चार-सहा फोटो काढले आणि निघाल्या. नाव विचारलं नाही, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. फोटो छापून आल्यावर त्या तळावर सरकारने अन्नधान्य धाडलं. तोवर ते कुटुंब पुढच्या कामाच्या शोधात निघून गेलं होतं. त्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, हे जगाला १९७८ साली कळलं. आपल्या चेहऱ्याचा असा उपयोग झाला आणि आपल्याला एक पैसा मिळाला नाही, याचा तिला राग होता. नंतर १९८३मध्ये ती अंथरुणाला खिळली, मुलांनी मदतीचं आवाहन केलं, आणि त्याच फोटोमुळे अनोळखी लोकांनी हजारो डॉलर पाठवले. फोटो काढायलाच नको होता असं मी म्हणू धजत नाही. नाव विचारायला मात्र किती वेळ लागला असता?

मुंबईत फॉकलंड रोडवरच्या, म्हणजे आताच्या पठ्ठे बापूराव मार्गावरच्या वेश्यावस्तीत अमेरिकी छायाचित्रकार मेरी एलन मार्क दहा वर्षं अधूनमधून फोटो काढायला जात होत्या. वस्तीतल्या बायका त्यांच्यावर कचरा आणि पाणी फेकत. १९७८मध्ये त्या पुन्हा आल्या आणि तिथेच दिवसच्या दिवस बसू लागल्या, तेव्हा हळूहळू दारं उघडली. त्या फोटोंच्या त्यांच्या पुस्तकाबद्दल आक्षेप आहेत, मलाही काही पानं पाहवत नाहीत. पण तो कचरा फेकणं हा त्या बायकांचा नकार होता, आणि त्याचा होकार व्हायला वेळ द्यावा लागला. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, तेही त्यांच्या वस्तीत आणि गटारापर्यंत वारंवार जाऊन. त्या फोटोंतली माणसं कॅमेऱ्याला ओळखतात, हे पाहणाऱ्याला कळतं.

याच्या दुसऱ्या टोकाला जानेवारी २०२५चा प्रयागराज. कुंभमेळ्यात माळा विकणाऱ्या एका मुलीच्या डोळ्यांचं कुणीतरी रील केलं. चार दिवसांत तिच्याभोवती माळा घेणाऱ्यांच्या दसपट फोन जमले. तिला धंदा गुंडाळून घरी परतावं लागलं. पुढे तिला प्रसिद्धी मिळाली, सिनेमाचं बोलावणं आलं, म्हणून ‘तिचं भलंच झालं’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. भलं झालं असेल. रील करण्याआधी तिला विचारलं होतं का, हा प्रश्न त्याने मिटत नाही. त्याच मेळ्यात स्नान करणाऱ्या बायकांचे व्हिडिओ टाकणाऱ्या खात्यांवर उत्तर प्रदेश पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. कोट्यवधींसमोर डुबकी मारलेल्या बाईने डुबकीच्या वेळेपुरती लाज गंगेवर सोपवलेली असते, फोनवर नाही.

या अंकातल्या छायाचित्र-विभागासाठी आलेल्या ढिगात वासुदेव होते, पोतराज होते, फलाटावर झोपलेले म्हातारे होते, सिग्नलवरची पोरं तर असंख्य. मोटारीच्या काळ्या काचेआडचा एकही चेहरा नव्हता. संपादक मंडळात बरीच खडाजंगी झाल्यावर आम्ही असं ठरवलं : गर्दीचे फोटो जसेच्या तसे घेऊ, पण एकट्या माणसाचा चेहरा छापायचा तर छायाचित्रकाराने परत जाऊन त्याला फोटो दाखवायचा, नाव विचारायचं, आणि ते छायाचित्रकाराच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात येईल. ज्याला नाव द्यायचं नसेल त्याचं नाव नाही. ज्याला फोटोच नको असेल त्याचा फोटो नाही. निजलेल्या माणसांचे आणि लहान मुलांचे फोटो सरसकट बाजूला ठेवले. अंकाची प्रत आणि मानधनाचा वाटा फोटोतल्या माणसालाही जाईल.

यात आमचं नुकसान झालं, हे मोकळेपणाने सांगतो. सगळ्यात देखणे फोटो बाहेर राहिले. परतून गेल्यावर काही माणसं सापडली नाहीत, काही दुसऱ्या पुलाखाली गेली होती. एका ज्येष्ठ छायाचित्रकारांनी तर आपले सगळे फोटो परत मागवले. अशा नियमांनी उद्याच्या इतिहासकाराला फक्त नटूनथटून उभी असलेली माणसं मिळतील, असं त्यांचं म्हणणं. ते त्यांच्याच शब्दांत या विभागाच्या सुरुवातीला छापलं आहे, एका ओळीचीही काटछाट न करता. आधी ते वाचा, मग फोटो पाहा.