मधुमेही लेकराला बोल लावू नका

लहान मुलाला मधुमेह झाल्याचे कळले की वस्तीत पहिला प्रश्न येतो, "गोड फार खायचा का हो?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. परंतु शेजारी उभे असलेले सहा-सात वर्षांचे पोर ते ऐकत असते आणि मनाशी ठरवून टाकते की, आपण चॉकलेट खाल्ले म्हणून हे झाले, आपल्यामुळे आई रडते.

तेव्हा घरातल्या प्रत्येकाने आधी हे समजून घ्यावे. मुलांना बहुधा होतो तो टाईप वन मधुमेह. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. तो गोड खाल्ल्याने होत नाही, स्पर्शाने लागत नाही. "तुझ्यामुळे झालं नाही बाळा," हे पोराला एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

इन्शुलिन मात्र रोज, दिवसातून अनेकदा घ्यावेच लागते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या इस्पितळात १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते प्रथम टोचले गेले. त्याआधी अशी मुले जगत नसत. म्हणून अंगारा, काढा किंवा कुणा जाणत्याच्या सल्ल्याने ते बंद करणे म्हणजे पोराच्या जिवाशी खेळ होय.

सुईबाबत खोटे बोलू नये. "काही दुखत नाही" म्हणालात की दुसऱ्या दिवशी पोर विश्वास ठेवत नाही. थोडे टोचेल, लगेच थांबेल, असे सांगावे. उजवी मांडी की डावी, रक्त कोणत्या बोटातून काढायचे, हे त्याला ठरवू द्यावे. "गप्प बस, नाहीतर सुई टोचीन" ही धमकी तर घरात कुणीच देऊ नये, शेजारणीनेही नाही.

आपल्या घरांत याहून अवघड गोष्ट पैशाची. रक्त तपासायच्या पट्ट्या महाग. आमच्या पाहण्यातली एक नऊ वर्षांची मुलगी वर्गात हातपाय थरथरत असताना गप्प बसून राहिली. का? तर आदल्या दिवशी एक पट्टी वाया गेली म्हणून वडील बोलले होते. शुगर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, भूक, चिडचिड होते. त्या वेळी ताबडतोब ग्लुकोज किंवा साखर द्यावी लागते आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे लागते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता इस्पितळ गाठावे लागते. अशा वेळी पोराने खर्चाचा विचार करून गप्प बसावे? पैशाचे बोलणे पोर झोपल्यावर करावे. सरकारी इस्पितळात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना मदतीबद्दल विचारण्यात कमीपणा नाही. वर्गशिक्षकांनाही ही लक्षणे स्वतः जाऊन सांगावीत.

शुगर २५० आली की "काय खाल्लंस, खरं सांग!" हा पोलिसी सवाल सुरू होतो. तापाने, सर्दीने, वाढीच्या वयानेही ती चढते. दरडावल्याने शुगर उतरत नाही, पोर मात्र खोटे आकडे सांगायला शिकते. आकडा जास्त किंवा कमी असतो. त्याला चांगला-वाईट म्हणू नये.

बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटताना "हिला नको देऊ" असे चारचौघांत म्हणतात. तिच्या आईने डॉक्टरांना आधी विचारले तर इन्शुलिनचा हिशेब धरून लहान वाटी देता येते. पंगतीतून उठवलेले पोर ते विसरत नाही.

मुलगी असली की आजार लपवतात, लग्नाच्या काळजीने. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, तेही इन्शुलिन घेत. त्यांना तो मोठेपणी जडला हे खरे, पण लपवण्यासारखे त्यात काय आहे? पोरीला जे लपवायला शिकवाल, त्याची तिला लाज वाटू लागते. मग ती मैत्रिणींकडे गेली की सुईची वेळ टाळते.

आणि वडीलमंडळींना एक सांगणे. ड्युटीचे कारण पुढे करून सगळे आईच्या गळ्यात टाकू नका. इस्पितळात सुई द्यायला शिकवतात, तेव्हा एक खाडा झाला तरी चालेल, पण तुम्हीही जा.