‘आवडत नाही’च्या पुढचे मराठी

आपल्या शनिवारच्या वर्गातली मुले ‘मला आवडते’ हा पाठ अगदी छान म्हणतात. मला आंबा आवडतो, मला पुरणपोळी आवडते, मला श्रीखंड आवडते. तिन्ही लिंगे बरोबर! पण न आवडणाऱ्या गोष्टींची पाळी आली की सगळ्यांजवळ एकच वाक्य असते. भेंडी आवडत नाही, गणित आवडत नाही, पाऊस आवडत नाही, आणि खेळताना ढकलणारा मुलगाही आवडत नाही. एवढ्याने भागले नाही की लगेच ‘आय हेट इट!’ सुरू होते. नावडीचे मराठी आपण मुलांना शिकवतच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे घरात जेवण मराठीत होते आणि भांडण इंग्रजीत.

बालमित्रांनो, ‘हेट’ हा शब्द फार पोटभरू आहे. ब्रोकोली, गृहपाठ, युद्ध, सगळे एकाच पोटात जाते. तुमच्या शाळेतल्या बाईही म्हणत असतील की हा शब्द जरा जपून वापरा. त्याचे मराठी शोधायला तुम्ही शब्दकोश उघडलात तर तिथे ‘द्वेष’ सापडतो. मग भारतातल्या आजीला फोनवर ऐकू येते, ‘आजी, मी कारल्याचा द्वेष करते.’ आजी हसून लोटपोट! द्वेष केला तो दुर्योधनाने, पांडवांचा. कारल्याचा द्वेष कोणी करत नाही. कारले नकोसे वाटते, फार तर ते पाहून तोंड कडू होते.

इथे मराठीची एक गंमत आहे, ती मोठ्यांच्याही सहसा लक्षात येत नाही. आपल्याकडे पुष्कळशा नावडी ‘येतात’. मला कंटाळा येतो, मला राग येतो, मला किळस येते. जणू पाहुणे आले, आपण काही त्यांना बोलावले नव्हते. आले तसे ते जातातही. पण द्वेष आणि मत्सर आपण ‘करतो’. म्हणजे तिथे काम आपले आणि जबाबदारीही आपली. काही शब्द दोन्हीकडे चालतात, आणि तिथे खरी मजा आहे. ‘मला अभ्यासाचा कंटाळा आला’ असे म्हटले तर आई म्हणेल, बरं, थोडा वेळ खेळून ये. पण ‘हा अभ्यासाचा कंटाळा करतो’ असे आई म्हणाली तर समजावे की आता बोलणी बसणार. तसेच ‘ताईला माझा राग आला’ ही संध्याकाळपर्यंतची गोष्ट. ‘ताई माझा राग राग करते’ हे दुखणे मात्र रोजचे. इंग्रजीत ‘आय हेट’ म्हटले की ‘आय’ पुढे उभा असतो, पाहुणा कोण आणि यजमान कोण ते कळत नाही.

आता ‘वीट’. मुलांना वाटते की मराठी माणसाला कंटाळा आला की त्याच्या अंगावर वीट येऊन पडते! दोन शब्द वेगळे आहेत. बांधकामाची ती वीट, आणि तीच ती भाजी आठवडाभर खाऊन येतो तो वीट. ‘वीट पडली’, पण ‘वीट आला’. न्यू लिनच्या मुलांना हे सहज लक्षात राहावे, कारण हे गावच विटांचे. इथल्या चिकणमातीवर एकोणिसाव्या शतकापासून विटा भाजल्या गेल्या, नंतर नळ झाले, कौले झाली, आणि क्राऊन लिनच्या कपबश्या तर देशभर घरोघरी गेल्या. तो कारखाना १९८९ साली बंद झाला. अँब्रिको प्लेसमध्ये जुनी भट्टी अजून उभी आहे. ती पाहायला मुलांना जरूर न्या, फक्त इतक्यांदा नेऊ नका की त्यांना विटांचा वीट येईल.

किळस घाणीची येते, पालीची येते, आणि ती आली की तोंडातून आपोआप ‘ईऽऽ’ किंवा ‘शी!’ निघते. ‘यक’ला आपल्याकडे एवढे तयार शब्द आहेत. शिसारी किळसेहून जोरदार. तिटकारा बहुधा वागण्याचा असतो, खोटेपणाचा, चहाड्यांचा. ‘अरुची’ म्हणजे तोंडाला चव नसणे, आणि इंग्रजी ‘डिस्गस्ट’मधला ‘गस्ट’ हाही लॅटिनमधल्या चवीच्याच शब्दापासून आलेला. दोन्ही भाषांना नावड आधी जिभेवर सुचली! शाळेत तुम्ही ‘होहा’ हा माओरी शब्द ऐकता. त्रासलेला माणूसही होहा, आणि त्रास देणाराही होहा. आपला ‘वैताग’ त्याच्या अगदी जवळ बसतो, कारण मराठीत माणूस वैतागतो आणि ‘काय वैताग आहे!’ असे आपण समोरच्या त्रासालाही म्हणतो.

पालकहो, आता तुमच्यासाठी. हे सारे मी केवळ शब्दसंपत्ती वाढावी म्हणून लिहीत नाही. समजा, मुलगी घरी येऊन म्हणते, ‘मला डबा आवडत नाही.’ आईला वाटते भाजी आवडली नाही, म्हणून ती दुसऱ्या दिवशी बटाटा देते, तिसऱ्या दिवशी सँडविच. घरातून पोळी जाते, पण मुलीचा चेहरा तसाच. कारण पोळीचे काहीच बिघडलेले नव्हते. डबा उघडल्यावर शेजारची मुले नाक दाबून ‘यक’ म्हणाली होती. मुलीला पोळी नावडली नव्हती. तिला लाज वाटली होती, कदाचित चीडही आली होती. या दोन शब्दांपैकी एक जरी तिच्या तोंडी असता तरी आईने वेगळा प्रश्न विचारला असता. वाईट वाटणे, लाज वाटणे, चीड येणे, हे सगळे ‘आवडत नाही’च्या एकाच पिशवीत कोंबले तर मुलाचे खरे दुःख आपल्याला दिसणार कसे?

काही पालक म्हणतात, मुलांना कुरकुर कशाला शिकवायची? सहा दिवस इंग्रजीत ऐकतोच, एक दिवस तरी गोड बोलू द्या. मला हे पटत नाही. कुरकुर ती करणारच. ती आपल्याला समजेल अशी असावी. आपल्या लहानपणी कट्टी होती. कट्टी घेतली की बोलणे बंद, पण बट्टीही ठरलेलीच. रुसवा होता, आणि रुसवा काढणारेही कोणीतरी असायचे. आज मुलगा दार आपटून ‘आय हेट यू’ म्हणतो, आपण मनातल्या मनात त्याचे ‘द्वेष’ असे भाषांतर करून रात्रभर तळमळतो. त्या वेळी त्याचे मराठी ‘मला तुझा राग आलाय’ एवढेच असते. तसे समजून उत्तर दिले तर बोलणे पुढे सरकते.

उलट बाजूने, मोठ्यांनाही काही शिकण्यासारखे आहे. इथला शेजारी एखादी गोष्ट आवडली नाही तर ‘नॉट टू कीन’ म्हणतो आणि थांबतो. आपण मात्र दुसऱ्याच्या घरची आमटी चाखून ‘आमच्याकडे नाही बाई अशी करत’ म्हणतो. नावडतीचे मीठ अळणी, ही म्हण मुलांना सांगताना तीही गोष्ट सांगावी.

पुढच्या शनिवारी वर्गात एक खेळ घेऊ. प्रत्येकाने न आवडणाऱ्या पाच गोष्टी सांगायच्या, पण ‘आवडत नाही’ एकदाच वापरायचे. पालकांनीही भाग घ्यायचा आहे. आणि घरी आजी-आजोबांशी फोन झाला तर त्यांच्या गावाकडचा एखादा शब्द विचारून आणा. मालवणातला ‘माका नको’ आमच्याकडे आहे. वऱ्हाड, खानदेश, बेळगाव इकडचे कोणी पाठवले तर पुढच्या अंकात छापू. ‘मला मराठी वर्गाचा कंटाळा येतो’ हे वाक्य कोणी आणले तर चालेल. व्याकरण मात्र बरोबर हवे.