रात्री कडी वाजते तेव्हा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे अडीच वाजले असतील. मी मागच्या दाराची कडी अगदी हळू, आवाज न करता काढत होते. तेवढ्यात सूनबाईच्या खोलीतला दिवा लागला. दार किलकिलं करून ती म्हणाली, "आई, तिसऱ्यांदा ना आज?"

"छे गं, दुसऱ्यांदाच. तू झोप," मी म्हटलं.

चक्क खोटं! तिसरी वेळ होती आणि चौथी व्हायची होती. लघवीला किती वेळा उठलो यात खोटं बोलण्यासारखं काय आहे, सांगा बरं? पण बोलले खरी. परत येऊन अंथरुणावर पडले आणि मला आमच्या सासूबाई आठवल्या. त्याही असंच काहीतरी सांगून वेळ मारून न्यायच्या.

सासूबाईंना जाऊन चौदा वर्षं झाली. आमचं घर तालुक्याच्या गावातलं, जुनं. संडास-मोरी परसात. मधे तीन पायऱ्या, धुण्याचा दगड आणि पावसाळ्यात सगळीकडे शेवाळ. सासूबाई रात्री तीन-चार वेळा उठायच्या. कडी वाजली की माझी झोप मोडायची. सकाळी पाचला उठून डबे करायचे असायचे, त्यामुळे खरं सांगते, मी मनातल्या मनात चिडायचे. कधी विचारलंच तर म्हणायच्या, "वय झालं गं, आता असंच चालायचं." उपायही त्यांनी स्वतःच शोधला होता. दुपारी चारनंतर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. भर उन्हाळ्यातसुद्धा! घसा कोरडा पडायचा, तरी नाही.

एका रात्री कडी वाजली आणि पाठोपाठ धप्पकन आवाज आला. पायरीवरून पाय घसरला होता. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा धड चालल्या नाहीत. अकरा महिने अंथरुणावर काढून गेल्या. दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा कळलं, साखर तीनशेच्या वर होती. लघवी जास्त होत होती ती साखरेमुळे, तहान लागत होती तीही साखरेमुळे, आणि त्या बिचाऱ्या पाणी तोडून बसल्या होत्या. दोन वर्षं रोज रात्री कडी वाजत होती. घरातल्या एकानेही, त्यात मीही आलेच, "आई, एकदा दाखवून येऊ" असं म्हटलं नाही.

आणि आता त्याच पायऱ्यांवरून मी उतरत होते, वर खोटंही बोलत होते.

मैत्रिणींनो, आपलं हे असंच असतं. गुडघे दुखतात हे आपण भिशीत चारचौघींत सांगतो, पित्त झालं हे सांगतो. पण लघवीचं म्हटलं की आवाज खाली जातो. दाखवायला जायचं तर डॉक्टर पुरुष, सोबत मुलगा, मग बोलायचं कसं? त्यापेक्षा पाणी कमी प्यायलेलं बरं, असं आपणच ठरवून टाकतो. माझं ठाम मत आहे, की रात्री उठावं लागण्यापेक्षा हे लपवणंच जास्त घातक आहे.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने मला सरळ डॉक्टर मॅडमकडे नेलं. मॅडमनी लघवी आणि रक्त तपासायला दिलं, पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून बघितला, बी.पी.ची गोळी कधी घेता ते विचारलं. आणि म्हणाल्या, "काकू, तीन दिवस वही ठेवा. किती वाजता लघवीला गेलात, दर वेळी किती झाली, आणि दिवसभरात काय काय प्यायलात. सगळं मापून लिहायचं."

मापून! मला हसावं की रडावं कळेना. पण स्वयंपाकघरातला जुना मापाचा मग काढला (तो अर्थातच कायमचा मोरीत गेला) आणि तीन दिवस लिहिलं. वही बघून मॅडमनी बेरीज केली. चोवीस तासांत साधारण सोळाशे मिली, म्हणजे ठीकच. पण त्यातली आठशे नुसती रात्रीत! साठीच्या पुढे रात्रीचा वाटा एक तृतीयांशापर्यंत चालतो, माझा निम्मा होता. म्हणजे मूत्राशयात बिघाड नव्हता, रात्री लघवीच जास्त तयार होत होती.

का? मॅडमनी समजावलं ते मला पटकन कळलं. दिवसभर ओट्याशी उभं राहून पायात पाणी उतरतं, संध्याकाळी घोट्याला सूज दिसते. रात्री आडवं झालं की तेच पाणी परत रक्तात येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. त्यातून माझं लोणचं-पापडाचं मीठ, संध्याकाळचे दोन कप चहा, आणि बी.पी.ची गोळी जेवणानंतर. त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं, हे मला पाच वर्षांत ठाऊकच नव्हतं! शिवाय आपल्या शरीरात रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून एक संप्रेरक काम करतं, ते वयाप्रमाणे कमी पडत जातं. पायाची सूज हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारानेही येते, म्हणून त्याही तपासण्या झाल्या. सुदैवाने तसं काही नव्हतं.

गंमत म्हणजे घरी आल्यावर मी हे जाऊबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, मला पण आहे की!" इतकी वर्षं एका घरात राहून कळलं नव्हतं. त्यांनीही वही ठेवली. त्यांचं उलटंच निघालं. दर वेळी जेमतेम शंभर मिली, पण घाई अशी की मोरीपर्यंत पोचवत नाही. पाळी गेल्यावर त्या जागेचा ओलावा आणि ताकद कमी होते, कुणाला जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो, कुणाचं अंग खाली येतं, कुणाला नुसती बद्धकोष्ठता असते आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. तक्रार एकच, कारणं निराळी. म्हणूनच शेजारणीच्या गोळ्या आपण घेऊ नयेत. कुणाकुणाला तर आधी झोपच लागत नाही, जाग येते म्हणून उठतात. घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसालाही रात्री लघवीला उठावं लागतं, हे तर मला नवीनच होतं. गरोदरपणात उठावं लागतं ते वेगळं, पण जळजळ किंवा ताप असेल तर तेव्हाही अंगावर काढू नये.

मग आम्ही दोघींनी काय केलं ते सांगते. पाणी तोडलं नाही. तोडलं की लघवी घट्ट होते, आग होते, संसर्ग होतो, बद्धकोष्ठता वाढते. फक्त वेळ बदलली. जास्तीत जास्त पाणी सकाळपासून चार-पाचपर्यंत, नंतर तहानेपुरतं, आणि झोपायच्या आधी दोन तास शक्यतो नाही. (ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे त्यांनी पाण्याचं माप डॉक्टरांनाच विचारावं.) चहा चारचा शेवटचा. पापड-लोणचं सणापुरतं. दुपारी तासभर पाय उशीवर वर ठेवून आडवं व्हायचं. पहिल्या दिवशी मला लाज वाटली, घरची बाई दुपारी तंगड्या वर करून पडली म्हणून! पण त्याने खरंच फरक पडला. गोळीची वेळ मॅडमनी सकाळची करून दिली. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका हं, वेळसुद्धा विचारूनच बदला.

जाऊबाईंना व्यायाम दिला. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात, तेच पाच सेकंद आवळायचे आणि पाच सेकंद सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाजी निवडताना बसल्या बसल्या होतो, कुणाला कळतही नाही. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र करायचा नाही. अर्नोल्ड केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली तो लिहून प्रसिद्ध केला, म्हणून त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याला दोन-तीन महिने द्यावे लागतात, आठ दिवसांत सोडून देऊ नये. दिवसा घाई झाली की लगेच न धावता पाच-दहा मिनिटं थांबायची सवयही त्यांनी हळूहळू लावली.

पण काही खुणा दिसल्या तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. लघवीत रक्त, ताप आणि कमरेत दुखणं, अचानक फार तहान आणि वजन उतरणं, चेहऱ्यावर-पायावर सूज, चालताना धाप, किंवा लघवी तुंबणं. असं काही असेल तर लगेच दाखवा. आणि साखर तर तपासाच. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची साखर आणि बी.पी. सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. आपल्या आशाताईला विचारा, ती सांगेल. घरच्या पुरुषांनाही न्या. पन्नाशीनंतर त्यांची प्रोस्टेटची गाठ वाढते आणि तेही आपल्यासारखेच गप्प बसतात.

एक गोष्ट मात्र आपल्या एकटीच्या हातातली नाही. लघवी दाबून ठेवायची सवय आपल्याला लहानपणापासून लागते ती शाळेत, बाजारात, एसटी स्टँडवर. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, आनंदाची गोष्ट. पण लांबच्या प्रवासाला निघताना सकाळपासून पाणी न पिणाऱ्या कितीजणी मी आजही बघते, कारण उतरल्यावर जायचं कुठे? मुंबईत २०११ साली बायकांनी 'राइट टू पी' म्हणून चळवळ सुरू केली, तेव्हा नाव ऐकून लोक हसले असतील. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. आपल्या नगरपालिकेत, बाजारपेठेतही हे मागायला हवं, आणि मागताना आवाज खाली घ्यायला नको.

घरातलं तर आपण करूच शकतो. आमच्या परसात आता रात्रभर छोटा दिवा असतो. पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवला, शेवाळ दर आठवड्याला घासतो. खर्च दोन हजारांच्या आतबाहेर. एवढंच चौदा वर्षांपूर्वी केलं असतं तर, हा विचार आला की अजून पोटात तुटतं. ज्यांना जमेल त्यांनी म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत रात्रीपुरतं भांडं तरी ठेवावं. त्यात कमीपणा कसला?

मी आताही रात्री एकदा उठते. एखाद वेळेस दोनदा. तेवढं चालायचंच. पण कडी आता दबकत काढत नाही, आणि सूनबाईने सकाळी विचारलं तर आकडा खरा सांगते.

तुमच्याही घरात रात्री कुणाची तरी कडी वाजत असेल. कुशीवर वळू नका. सकाळी चहा देताना शेजारी बसा आणि विचारा, "आई, रात्री किती वेळा उठलात?" पहिलं उत्तर बहुतेक खोटंच येईल. पुन्हा विचारा.