मोटार कोणाची, मोल कोणाचे?

गडहिंग्लजच्या बसस्थानकावर सकाळच्या वेळी घटकाभर उभे राहिले, तर साऱ्या तालुक्याचे जिणे डोळ्यांपुढून सरकते. नेसरी, महागाव, नूल, हलकर्णी या बाजूंनी येणाऱ्या एस.टी. गाड्यांतून शाळा-महाविद्यालयांची मुले-मुली उतरतात, दवाखान्याची वाट धरणारी वृद्ध माणसे उतरतात, कचेरीत खेटे घालणारे शेतकरी उतरतात. याच गावातून संकेश्वर-बांदा महामार्ग आजरा आणि आंबोलीमार्गे कोकण-गोव्याकडे जातो. सुट्टीच्या दिवशी त्या रस्त्यावरून बड्या शहरांच्या क्रमांकाच्या भारी मोटारी सुसाट निघून जातात आणि रस्त्याकडेची पोरे त्यांची नावे अचूक सांगतात. सुप्रा, स्कायलाइन, आरएक्स-सेव्हन ही जपानी स्पोर्ट्स मोटारींची नावे आज खेड्यातल्या पोरांनाही पाठ आहेत. हातातल्या फोनवर त्या मोटारी त्यांना रोज दिसतात. जपानात वापरलेली मोटार स्वस्तात मिळते, मग ती येथे का आणता येऊ नये, असा साधा प्रश्न त्यांच्या मनात येतो.

प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर साधे नाही. ते शोधू गेल्यास आपल्या करव्यवस्थेचे आणि राज्यकर्त्यांच्या वर्गीय कलाचे दर्शन घडते.

जपानात जुनी मोटार स्वस्त का, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. तेथे मोटारीची सरकारी तपासणी नवी मोटार घेतल्यानंतर तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी करून घ्यावी लागते. हा खर्च मोठा असल्याने सुस्थितीतील मोटारीही मालक लवकर काढून टाकतात. जपानात वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे त्या मोटारींना श्रीलंका, पाकिस्तान, केनिया अशा देशांत मोठी बाजारपेठ मिळाली. भारताने मात्र दार किलकिलेच ठेवले. वापरलेली मोटार आणावयाची तर ती तयार होऊन तीन वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा, तिचे सुकाणू उजवीकडे असावे, ती केवळ मुंबई बंदरातूनच उतरावी आणि येथील चाचण्यांत उतरून आणखी किमान पाच वर्षे रस्त्यावर चालण्यास योग्य ठरावी, अशा अटी आहेत. म्हणजे 1990 च्या दशकातील ज्या मोटारींवर आजचे तरुण लुब्ध आहेत, त्या या मार्गाने येऊच शकत नाहीत. परदेशाची भंगार वाहने येथे ओतली जाऊ नयेत, हा त्या अटींमागील हेतू योग्यच आहे.

आता तीन वर्षांच्या आतील मोटारीचा हिशेब पाहू. भाडे व विम्यासह बंदरात पोहोचेपर्यंत तिचे मूल्य 30 लाख रुपये ठरले, असे धरू. हे मूल्य खरेदीच्या पावतीवरून ठरेलच असे नाही. नव्या मोटारीच्या मूळ किमतीतून ठराविक घसारा वजा करून सीमाशुल्क खाते ते निश्चित करते. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पातील दरांप्रमाणे त्यावर 70 टक्के मूळ सीमाशुल्क, म्हणजे 21 लाख, आणि 67.5 टक्के अधिभार, म्हणजे 20 लाख 25 हजार. बेरीज झाली 71 लाख 25 हजार. या बेरजेवर, म्हणजे करावरही, 2025 च्या सप्टेंबरपासून मोठ्या मोटारींना लागू झालेला 40 टक्के वस्तू व सेवा कर. तो 28 लाख 50 हजार. मोटार बंदराबाहेर पडते तेव्हा तिची किंमत 99 लाख 75 हजार झालेली असते. महाराष्ट्रात आयात मोटारीवर नोंदणीच्या वेळी 20 टक्के दराने एकरकमी कर द्यावा लागतो. तो मिळवला की हिशेब जवळजवळ 1 कोटी 20 लाखांवर जातो. तीस लाखांची वस्तू चौपट झाली.

ही रक्कम गडहिंग्लजच्या मापाने मोजली पाहिजे. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने उसाला 10.25 टक्के उताऱ्यास क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550 रुपये दर ठरविला. एकरी 40 टन ऊस धरला, तर या एका मोटारीसाठी 84 एकरांचे एका हंगामाचे संपूर्ण पीक लागते. हिरण्यकेशीच्या काठी दोन एकर ऊस करणाऱ्या शेतकऱ्याची ही 42 वर्षांची ऊसबिले झाली. त्यातून खत, पाणी, मजुरी, सोसायटीचे कर्ज यांपैकी एक पैसाही वजा केलेला नाही. 1963 साली डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत पंतप्रधानांवरील रोजच्या खर्चाची तुलना कोट्यवधी भारतीयांच्या तीन आण्यांच्या रोजच्या कमाईशी केली, तेव्हा सत्ताधारी बाकांवर संताप उसळला होता. आकडे बदलले, आणे गेले, परंतु ती तुलना करण्याची गरज संपलेली नाही.

यावर कोणी म्हणेल की श्रीमंत माणूस चौपट किंमत मोजत असेल आणि त्यातले नव्वद लाख सरकारी तिजोरीत पडत असतील, तर समाजवाद्यांनी तक्रार का करावी? चैनीच्या वस्तूवर जबर कर असावा, ही तर त्यांचीच मागणी. आक्षेप रास्त आहे. कराच्या दराविषयी तक्रार नाहीच. तक्रार आहे ती हा पैसा कोणाच्या हाती जातो आणि तो कोण चुकवतो याविषयी.

वर उल्लेखिलेल्या 67.5 टक्के अधिभाराचे अधिकृत नाव कृषी पायाभूत सुविधा व विकास अधिभार असे आहे. म्हणजे स्पोर्ट्स मोटारीवरचा हा कर शेतीच्या नावाने घेतला जातो! 2025 पूर्वी वापरलेल्या मोटारीवर मूळ सीमाशुल्क 125 टक्के होते आणि त्यावरील समाजकल्याण अधिभार धरून एकूण भार 137.5 टक्के होत असे. अर्थसंकल्पाने मूळ शुल्क 70 टक्क्यांवर आणले. वरवर पाहता ही मोठी सवलत वाटते. परंतु 70 आणि 67.5 यांची बेरीज पुन्हा 137.5 च होते. मोटार घेणाऱ्याच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. बदलले ते राज्यांसाठी. मूळ सीमाशुल्क केंद्र व राज्ये यांच्यात वाटून घ्यावयाच्या निधीत जमा होते. अधिभार मात्र संपूर्णपणे केंद्राकडेच राहतो. 30 लाखांच्या मोटारीमागे पूर्वी साडेसदतीस लाख रुपये वाटपाच्या निधीत जात, ते आता 21 लाखांवर आले. शेतीचे नाव पुढे करून शेती सांभाळणाऱ्या राज्यांचाच वाटा आखडण्याची ही किमया आहे. एका मोटारीपुरती ही रक्कम किरकोळ आहे, हे खरे. परंतु अधिभारांची हीच रीत पेट्रोल-डिझेलपासून अनेक वस्तूंना लावली गेली आहे. राज्याच्या तिजोरीत खडखडाट का, याचे एक कारण तेथे आहे.

आता चुकविणाऱ्यांकडे वळू. 2002 साली सचिन तेंडुलकर यांना ब्रॅडमन यांच्या 29 कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल फेरारी मोटार भेट मिळाली. 2003 साली केंद्र सरकारने त्या मोटारीवरील 1 कोटी 13 लाख रुपयांचे आयातशुल्क माफ करण्याचे ठरविले. लोकांत टीका झाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर ती रक्कम फियाट कंपनीने भरली. तेंडुलकर यांच्या कर्तृत्वाविषयी कोणाच्या मनात शंका नाही. तथापि ज्याला सवलतीची गरज नाही, त्याच्याच दारी सवलत चालत जाते, हे त्या प्रकरणाने दाखविले. 2025 च्या सप्टेंबरमध्ये केरळात सीमाशुल्क खात्याने छापे घालून अनेक वापरलेल्या भारी मोटारी जप्त केल्या. त्यांत जपानी बनावटीच्याही होत्या. या मोटारी भूतानमार्गे चोरून आणल्या आणि बनावट कागदपत्रांच्या आधारे अन्य राज्यांत नोंदविल्या, असे त्या खात्याचे म्हणणे आहे. पुढच्या दाराने येणाऱ्याला 137 टक्क्यांचा उंबरठा आणि मागच्या दाराने येणाऱ्याला डोंगरवाट मोकळी, असा हा प्रकार आहे.

कराखेरीज आणखी एक किंमत असते, ती कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाने भरधाव चालविलेल्या पोर्शे मोटारीखाली दोन तरुण अभियंते, एक मुलगा व एक मुलगी, मृत्यू पावले. ती मोटार जपानी नव्हती आणि जुनीही नव्हती. ती जर्मन, कोरी आणि विजेवर चालणारी होती. परंतु तिच्या कागदपत्रांची हकीकत विचार करण्याजोगी आहे. विजेची मोटार म्हणून महाराष्ट्रात तिला रस्ता कर माफ होता. कायम नोंदणीसाठी केवळ 1,758 रुपये शुल्क भरावयाचे होते. तेही भरलेले नव्हते. कोटीच्या वर किंमत असलेली मोटार 1,758 रुपयांवाचून कायम नोंदणीविना रस्त्यावर धावत होती आणि तिच्या चालकाला आरंभी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला होता. गडहिंग्लजच्या बाजारात कागद नसलेल्या दुचाकीवर सापडलेल्या शेतमजुराच्या पोराला कोणी निबंध लिहायला सांगत नाही.

या घटनेपासून राज्य सरकारने काही धडा घेतला काय? 2025 च्या मार्चमध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात 30 लाखांहून अधिक किमतीच्या विजेवरील मोटारींवर 6 टक्के कर लावण्याचा प्रस्ताव होता. महिना संपण्यापूर्वीच तो मागे घेतला गेला. पर्यावरणाचे कारण पुढे करण्यात आले. विजेच्या वाहनांना उत्तेजन हवे, यात वाद नाही. परंतु तीस लाखांहून अधिक मोजणारा गृहस्थ सहा टक्क्यांनी गांगरून पेट्रोलकडे वळेल, हे पटण्यासारखे नाही. त्याच वर्षी 25 जानेवारीपासून एस.टी.चे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढविले गेले होते. ते मात्र मागे घेतले गेले नाही. एक बस पन्नास माणसांना घेऊन धावते. पर्यावरणाचा खरा कैवार घ्यावयाचा तर तो तिचा घ्यावयास हवा होता.

शेजारच्या देशाचा अनुभवही डोळ्यांआड करून चालणार नाही. जपानच्या जुन्या मोटारींनी श्रीलंकेचे रस्ते भरले होते. परकीय चलनाची चणचण भासू लागताच 2020 साली त्या देशाला मोटारींची आयात थांबवावी लागली. 2022 साली देशाने परकीय कर्जफेड थांबविली, तेव्हा औषधे आणि स्वयंपाकाचा गॅस यांसाठी सामान्य माणसे रांगेत उभी होती. खासगी मोटारींची आयात 2025 मध्येच पुन्हा सुरू होऊ शकली. श्रीलंकेच्या संकटाला मोटारी एकट्या कारण नव्हत्या. परंतु डॉलर आटतात तेव्हा चैन करणारा आणि रांगेत उभा राहणारा हे दोघे कधीच एक नसतात, हे तेथे दिसून आले.

मोटारीवर प्रेम करणाऱ्या तरुणांना हिणविण्याचा येथे हेतू नाही. यंत्राचे वेड हा कोल्हापूरच्या मातीचा गुणच आहे. येथील भट्ट्यांत ओतलेले सुटे भाग देशभरच्या वाहन-उद्योगाला जातात. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार निघते, तेव्हा लोक कौतुकाने रस्त्याच्या दुतर्फा उभे राहतात. ज्या पोराला स्कायलाइनच्या इंजिनाची रचना तोंडपाठ आहे, त्याच्या हाती चांगली कार्यशाळा, चांगले तंत्रशिक्षण आणि कायम नोकरी आली, तर त्या वेडाचे सोने होईल. आज त्याच्या वाट्याला येते ती कंत्राटी नोकरी आणि फोनच्या पडद्यावरची मोटार. त्याचे स्वप्न कराने हिरावलेले नाही. शिक्षण आणि रोजगार यांवर खर्च करण्यास कचरणाऱ्या व्यवस्थेने ते हिरावले आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. चैनीच्या मोटारींवरील कर कमी करू नयेत. परंतु ते अधिभाराच्या आडवाटेने न घेता राज्यांना वाटा मिळेल अशा रीतीने घ्यावेत. तीस लाखांवरील विजेच्या मोटारींची करमाफी रद्द करावी. राज्यात एकरकमी वाहनकराला कमाल मर्यादा आहे. 2025 च्या जुलैपासून ती 20 लाखांवरून 30 लाखांवर नेली गेली. परंतु मर्यादा आहे तोवर चार कोटींच्या मोटारीचा मालक दीड कोटीवाल्यापेक्षा कमी दराने कर भरणार. ती मर्यादाच काढून टाकावी. आयातशुल्काची माफी कोणाला व किती दिली, याची यादी दरवर्षी जाहीर व्हावी. या मार्गांनी राज्याला मिळणारा जादा पैसा एस.टी.च्या नव्या गाड्यांसाठी आणि भाडेवाढ मागे घेण्यासाठी राखून ठेवावा.

मुंबई बंदरात उतरलेल्या जपानी मोटारीची पावती तिचा मालक फाडतो. परंतु तिच्यासाठी लागणारे परकीय चलन सर्वांचे असते, रस्ता सर्वांचा असतो आणि तिने चुकविलेल्या कराची भरपाई तिकिटाच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाकडून होते. नेसरीहून गडहिंग्लजला कॉलेजसाठी येणाऱ्या मुलीच्या बापाला 2025 च्या जानेवारीनंतर एस.टी.चे तिकीट काढताना शंभरामागे पंधरा रुपये अधिक मोजावे लागले. तो या हिशेबातील आपला वाटा केव्हाच भरून चुकला आहे. उरलेल्यांचा हिशेब सरकारने आता मागावा.