जवळची वाट

गाझातील आजारी मुलांना उपचारांसाठी विमानाने अमिरातीत, इटलीत नेल्याच्या वार्ता २०२३ च्या अखेरीपासून आपण वाचीत आलो. त्या दात्यांचे आभार मानावेत तितके थोडेच. परंतु मूळ दुखणे निराळे आहे.

युद्धापूर्वी गाझातील कर्करोगी मूल पूर्व जेरुसलेमच्या ऑगस्टा व्हिक्टोरिया रुग्णालयात जाई. परवान्याचा जाच तेव्हाही होताच. पण अंतर शंभर किलोमीटरांच्या आतले. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले आणि ती वाट बंद झाली. मे २०२४ मध्ये इजिप्तकडचा रफाहचा मार्गही बंद पडला. त्यानंतर डॉक्टरांची शिफारस, इस्रायलची मंजुरी, परदेशाचा होकार आणि सोबतच्या आईचा वेगळा परवाना हे सारे जुळून येईतो काही मुले यादीतच दगावली.

जेरुसलेमची वाट पुन्हा मोकळी करा, अशी मागणी जागतिक आरोग्य संघटनेने वारंवार केली ती याचसाठी. विमानात जागा मोजक्या. रोजच्या रस्त्याने कितीतरी मुले जाऊ शकतात. शिवाय त्या रुग्णालयात ‘कुठे दुखते?’ हे मुलाला त्याच्याच अरबी बोलीत विचारले जाते. आजाऱ्याला तो दिलासा औषधाइतकाच लागतो, हे का सांगावयास हवे?